मोटार फिरते, पण पाणी उचलत नाही

मे महिन्यातली दुपार. अमळनेरजवळच्या एका गावातलं कृषी केंद्र, कापसाच्या बियाण्याचा हंगाम तोंडावर. पंखा फार आवाज करतो म्हणून आप्पांनी दुकानाचा कॉम्प्युटर शहरात नेला होता. दुरुस्तीवाल्याने ब्लोअरने धूळ उडवली आणि जुना झाला म्हणून आतला गोल सेलही बदलून दिला. गावात आणून बटण दाबलं, तर पंखा फिरला, कंपनीचं चिन्ह दिसलं, निळा पडदा आला आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू. "चालू व्हस नि लगेच बंद व्हस, भाऊ," आप्पा मला म्हणाले. दुरुस्तीवाल्याने फोनवरच निदान केलं होतं: विंडोज उडालं, नवीन मारावं लागेल. नवीन मारताना डिस्क पुसली गेली असती, आणि तिच्यावर दोन हंगामांची उधारी होती.

विंडोज उडालेलं नव्हतं. ते जागच्या जागी, धडधाकट होतं. फक्त त्याच्यापर्यंत जायची वाट चुकली होती. दुरुस्तीनंतर बंद पडणाऱ्या कितीतरी मशीनची गोष्ट अशीच असते, म्हणून ही वाट कशी असते ते नीट समजून घेऊ.

विहिरीवरची मोटार आठवा. पंपात आधी पाणी भरल्याशिवाय ती पाणी उचलत नाही. पाण्याच्या तुलनेत हवा सुमारे आठशे पट हलकी, त्यामुळे पंपात हवा असली की पातं कितीही फिरलं तरी पुरेशी ओढ तयार होत नाही. म्हणजे पाणी ओढायला आधी थोडं पाणी लागतं. कॉम्प्युटरचंही हेच कोडं आहे. डिस्कवरची प्रणाली, म्हणजे विंडोज, मेमरीत आणायला एक प्रोग्रॅम लागतो, आणि तो प्रोग्रॅम कुठून आणायचा? त्यासाठी मदरबोर्डवरच्या, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीवरच्या, एका चिपमध्ये छोटा प्रोग्रॅम कायमचा ठेवलेला असतो. जुन्या मशीनमध्ये त्याला बायोस म्हणत, नव्यांत यूईएफआय म्हणतात. हेच पंपात आधी भरलेलं पाणी.

प्रोसेसर जागा होताच पहिली आज्ञा या चिपमधून वाचतो. चिप मेमरी, कीबोर्ड, डिस्क तपासते, मग डिस्कवरच्या एका छोट्या वाढप्याला, म्हणजे पुढचा प्रोग्रॅम मेमरीत वाढणाऱ्या प्रोग्रॅमला, हाक मारते. १९८३ पासून चालत आलेल्या जुन्या पद्धतीत या वाढप्याला ४४६ बाइट एवढीच जागा मिळायची. युनिकोडमधली मराठीची दीडशे अक्षरचिन्हंही त्यात बसत नाहीत! तो पुढच्या मोठ्या प्रोग्रॅमला उठवतो, तो प्रणालीच्या गाभ्याला उठवतो, आणि गाभा हाती आला की मग आपला ओळखीचा पडदा दिसतो. प्रत्येक जण पुढच्याला एवढंच सांगतो: डिस्क कुठे आहे, तिच्याशी कुठल्या पद्धतीने बोलायचं.

आप्पांच्या मशीनमध्ये नेमकी ही दुसरी गोष्ट बिघडली होती. मदरबोर्डवरचा तो गोल सेल, ज्याच्यावर सीआर २०३२ लिहिलेलं असतं, तीन व्होल्टचा असतो. मशीन बंद असताना तो घड्याळ चालू ठेवतो आणि बऱ्याच मशीनवर, विशेषतः जुन्यांत, मालकाने केलेल्या सेटिंगही तोच जपतो. वीज काढून सेल उपसला की मशीन कारखान्यातून निघाल्यासारखं कोरं होतं. पूर्वी कोणीतरी या मशीनमध्ये एसएसडी ही नव्या प्रकारची वेगवान डिस्क बसवताना डिस्कशी बोलायची पद्धत 'एएचसीआय' केली होती. सेल बदलल्यावर ती कंपनीच्या मूळ 'रेड' (RAID) या पद्धतीवर गेली. विंडोजला सुरुवातीलाच आपली डिस्क दिसेना, आणि ते थांबलं.

सुगावा दोन ठिकाणी होता. सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून सेटिंगच्या पानावर गेलं, तर तारीख कित्येक वर्षं मागची होती, म्हणजे सेल बदलल्यावर तिथे कोणी पाहिलंच नव्हतं. आणि निळ्या पडद्यावर लिहिलं होतं: इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. सुरुवातीची डिस्क हाताशी येत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. पद्धत परत एएचसीआय केली, तारीख लावली, सेव्ह केलं. दोन मिनिटांत उधारीची वही पडद्यावर आली. आप्पांनी आधी खुर्ची ओढली आणि मग घाम पुसला.

निळ्या पडद्याला लोक घाबरतात. खरं तर तो मुद्दाम मारलेला ब्रेक आहे. गाभ्यातला कोड मेमरीत आणि डिस्कवर कुठेही लिहू शकतो. तिथे काही विपरीत दिसलं तर पुढे रेटून चुकीचं लिहीत बसण्यापेक्षा प्रणाली जागीच थांबते आणि कारणाचं नाव सांगते. ते नाव मोबाइलवर टिपून घ्यावं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख मशीन अशीच निळी पडली. विमानतळांपासून रुग्णालयांपर्यंत कामं अडली. विंडोज त्यातल्या एकाही मशीनवरून उडालेलं नव्हतं. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरतं सुरू करून, एक फाइल काढली की मशीन उठत होतं.

म्हणून मी पहिला प्रश्न विचारतो तो असा: थांबतं कुठे? कंपनीचं चिन्हही दिसत नसेल, नुसते बीप ऐकू येत असतील, तर विंडोजचा विषयच नाही. तिथे रॅम (मेमरीची पट्टी), जोडण्या आणि वीजपुरवठा पाहायचा. चिन्ह दिसून डिस्क सापडत नसेल तर सेटिंग, केबल किंवा तो छोटा वाढपी. विंडोजचं वर्तुळ फिरून निळा पडदा येत असेल तर ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारा प्रोग्रॅम), खराब झालेली फाइल किंवा आप्पांसारखं डिस्कचं सेटिंग. दोन-तीनदा सुरू होता होता अडलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचं पान दाखवतं, तिथून सेफ मोडला जाता येतं.

रॅमबद्दल थोडं सविस्तर. खोडरबराने पट्टी घासायची रीत आपल्याकडे सर्वत्र आहे, आणि पुष्कळदा मशीन सुरूही होतं. माझ्या मते श्रेय रबराचं कमी आणि पट्टी काढून नीट दाबून बसवण्याचं जास्त. डीडीआर-४ या प्रकारच्या डेस्कटॉप पट्टीवर २८८ टोकं असतात, त्यातलं एक जरी अर्धवट टेकलं तरी घोटाळा होतो. रबर मात्र सोन्याचा पातळ थर झिजवतं आणि त्याचा भुगा खाचेत अडकतो. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं कापड बरं. शिवाय आपल्याकडे हिवाळ्या-उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की अंगात स्थिर वीज साठते. तिचा चटका आपल्याला जाणवतो तो साधारण तीन हजार व्होल्टला, चिपला इजा त्याहून कितीतरी कमीत होऊ शकते. पट्टीला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला बोट टेकवावं.

आणि ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो. प्रोसेसर साधारण १०० अंशांच्या आसपास स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, तरीही भागलं नाही तर मशीन बंद होतं. उष्णता बाहेर जाते ती तापमानातल्या फरकावर. एसीच्या दुकानात २५ अंश असतील तर फरक ७५ चा, आप्पांच्या पत्र्याच्या शेडमध्ये ५५ चा. म्हणजे तोच पंखा इथे सुमारे चौथ्या हिश्शाने कमी उष्णता काढतो. सफाईत प्रोसेसरवरचा पंखा उचलून पुन्हा बसवला आणि थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) नवी लावली नाही, तर सकाळी चाललेलं मशीन दुपारी तीनला बंद पडू शकतं. ते पाहायला मशीन दुपारीच तासभर चालवावं लागतं.

मदरबोर्ड बदलायचा असेल तर मात्र आधीच एक काम करा. नव्या लॅपटॉपवर डिस्क अनेकदा आपल्या नकळत कुलूपबंद झालेली असते, आणि त्या कुलपाची किल्ली जुन्या मदरबोर्डशी बांधलेली असते. बोर्ड बदलला की मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती बहुधा ज्याच्या नावाने मायक्रोसॉफ्टचं खातं आहे त्याच्या खात्यात असते, आणि घरोघरी ते खातं पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाच्या नावाने निघतं. ती की आधी कागदावर उतरवून घ्यावी. ती नसेल तर डिस्क धड असूनही आतलं काही वाचता येत नाही.

इतकं करूनही कोणी "फॉरमॅट मारू" म्हणालं, तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडून सगळं उतरवून घ्यायला सांगावं. तसं करून देणारे दुरुस्तीवाले जळगावात, धुळ्यात, नंदुरबारला आहेत. प्रत हातात आली की तिथेच, समोर उभं राहून, एखादा फोटो आणि एखादं बिल उघडून पाहावं. मगच हो म्हणावं.