‘दवाखान्यात जाऊन येते’

ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या रुग्णालयांच्या जळीत वॉर्डात एक वाक्य पाठ झाल्यासारखं ऐकू यायचं: ‘स्टोव्हचा भडका उडाला.’ सांगणारी बहुधा नव्यानं लग्न झालेली सून, आणि खाटेशेजारी सासू किंवा नवरा उभा. त्यांच्यासमोर ती दुसरं काय सांगणार?

या शहरात हिंसाग्रस्त बाईला आधार देण्याचं काम सुरू झालं ते आंदोलनातून. मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. त्याविरुद्धच्या संतापातून १९८० मध्ये मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ उभा राहिला. कार्यकर्त्या कायदा बदलायला निघाल्या होत्या, पण दारात बायका येऊ लागल्या त्या नवऱ्याच्या माराची कहाणी घेऊन. त्यांना आज रात्री झोपायला जागा हवी होती, मुलांची शाळा सुटू नये असं वाटत होतं, आणि कुणीतरी शांतपणे ऐकून घ्यावं हीही गरज होती. मोर्च्यानं हे भागत नाही. फोरमचं नाव पुढे ‘फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन’ झालं, त्यामागे हेच शहाणपण होतं.

१९८३ मध्ये कलम ४९८अ आलं आणि नवऱ्याचा, सासरच्यांचा छळ गुन्हा ठरला. पोलीस ठाण्यात मात्र ‘घरचा मामला आहे, घरी मिटवा’ म्हणत एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून बोळवण व्हायची. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांच्या सहकार्यानं महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. बसायचं पोलिसांच्या आवारात, पण बोलायचं प्रशिक्षित समाजकार्यकर्तीशी, ही कल्पना त्या काळी धाडसाची होती. बाईला वर्दीचा धाक वाटायचा. त्याच वर्दीचा धाक तिच्या नवऱ्यालाही वाटतो, हे या कक्षानं ओळखलं. पुढे असे कक्ष राज्यभर पसरले.

तरीही ठाण्याची पायरी चढणाऱ्या बायका थोड्याच. दवाखान्याचं तसं नाही. ‘दवाखान्यात जाऊन येते’ एवढं सांगितलं की बाईला घराबाहेर पडता येतं, कुणाला संशय येत नाही. २०००-०१ मध्ये आरोग्यावर संशोधन करणारी ‘सेहत’ ही संस्था आणि महापालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र काढलं, ते नेमकं हे हेरून. देशातलं रुग्णालयातलं हे पहिलं असं केंद्र. इथे समुपदेशक तर होत्याच, पण खरी मेहनत परिचारिका आणि डॉक्टरांवर घेतली गेली. पुन्हा पुन्हा येणारी डोकेदुखी, फिनेल पिणं, ‘पाय घसरून पडले’ म्हणत दाखवलेला मोडका हात यांच्या पलीकडचं बघायचं, नातेवाईकांना बाहेर काढायचं आणि विचारायचं, घरी कुणी मारतं का? प्रश्न साधा, पण विचारणाऱ्यालाच संकोच वाटायचा. पुढे कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात आणि नंतर राष्ट्रीय आरोग्य अभियानातून उपनगरांतल्या इतर रुग्णालयांतही ही केंद्रं आली.

समुपदेशन म्हणजे काय, यावरची ओढाताण मात्र अजून चालू आहे. आपल्याकडे समुपदेशन म्हटलं की ‘समजूत घालून नांदायला पाठवणं’ असंच अनेकांना वाटतं. दिलासाची पद्धत याच्या उलटी: आधी जिवाला धोका आहे का, मनात आत्महत्येचे विचार येतात का, रात्र कुठे काढणार, हे विचारायचं. मारामागचं कारण तिच्यात शोधायचं नाही. घरी परतायचं की नाही, हे तिनं ठरवायचं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं, जो ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, संरक्षण अधिकारी आणि निवारा दिला. त्याच कायद्याच्या कलम १४ नुसार न्यायदंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. तिथे दबावाखालचा समेट घुसायला वाव राहतो, असं मला वाटतं.

२०१३ हे वर्ष वेगळं होतं. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या सामूहिक बलात्कारानंतर झालेल्या कायदाबदलानं लैंगिक अत्याचारपीडितांवर मोफत उपचार सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांना बंधनकारक झाले. ऑगस्टमध्ये महालक्ष्मीजवळच्या शक्ती मिलमधली सामूहिक बलात्काराची घटना घडली. ऑक्टोबरमध्ये राज्यात ‘मनोधैर्य’ योजना आली, अर्थसाहाय्याबरोबर समुपदेशनही देणारी. २०१४ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं मार्गदर्शक सूचना काढल्या: योनीत बोटं घालून बाईला शरीरसंबंधांची सवय आहे का हे ठरवू पाहणारी ‘दोन बोटांची चाचणी’ करायची नाही, आणि मानसिक आधार हा उपचाराचाच भाग मानायचा.

केसपेपरवर ‘पडून इजा’ऐवजी ‘नवऱ्यानं मारलं’ असं लिहिलं गेलं, तर तोच कागद पुढे कोर्टात पुरावा ठरू शकतो. बाई कोर्टात जाईल तेव्हा जाईल, कदाचित जाणारही नाही. नोंद मात्र त्याच दिवशी, तिच्याच शब्दांत व्हावी लागते.