गूळ खाल्ला की धूर साफ होतो का?

"फायरमन, गिरणी कामगार गूळ खातात, त्याने छातीतला धूर साफ होतो" हा फॉरवर्ड तुम्हीही वाचला असेल. माझी आजीही हेच म्हणायची, आणि गूळ चघळला की लाळ सुटते, घसा खरंच मोकळा वाटतो, म्हणून ते पटतंही.

पण गूळ जातो अन्ननलिकेतून पोटात आणि धूर श्वासनलिकेतून फुप्फुसात, वाटाच वेगळ्या. ठसका लागतो तेव्हा कळतं ना, पाण्याचा एक थेंबही श्वासनलिकेत चालत नाही! शिवाय सोफ्याचा फोम, वायरी, प्लास्टिक जळालं की कार्बन मोनॉक्साईड, सायनाइडसारखे वायू निघतात ते थेट रक्तात जातात. कार्बन मोनॉक्साईड तर हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो, तिथे गूळ काय करणार.

आणि काजळी फक्त नाकातून जात नाही, कातडीतूनही विषारी द्रव्यं शिरतात. होळीजवळ उभं राहून आलात की ओल्या पांढऱ्या रुमालाने मान पुसून बघा, गूळ खाऊन पुसा, न खाता पुसा, रुमाल काळाच. म्हणून फायरमनला लागतो सिलिंडरवाला मास्क, तोही आग विझल्यावर राख उपसताना सुद्धा, मग लगेच साबणाने अंघोळ आणि कोट वेगळा धुणं. गूळ चवीला खावा की, भाकरीबरोबर मस्त लागतो.