एग्बा

एग्बा हा नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागातील योरुबा लोकांचा एक प्रमुख उपसमूह असून त्याची मुख्य वस्ती ओगुन राज्यात, अबेओकुटा हे नगर आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशात आहे. योरुबांच्या इतिहासात सहसा राजघराण्यांना मोठे स्थान मिळते. एग्बांचा इतिहास मात्र राजापासून सुरू केला तर त्यातले बरेच निसटते, कारण त्यांच्या राज्यव्यवस्थेचा मूळ घटक गाव हा आहे.

इतर योरुबांप्रमाणे एग्बाही आपले मूळ इले-इफे या पवित्र नगरात आणि आदिपुरुष ओडुडुवा याच्या वंशात शोधतात. तेथून निघालेल्या टोळ्यांनी दाट वनप्रदेशात वस्ती केली, असे परंपरा सांगते. एका व्युत्पत्तीनुसार ‘रानाकडे भटकत गेलेले’ या अर्थाच्या शब्दावरून एग्बा हे नाव पडले. या वनात त्यांची लहानमोठी दीडशेच्या आसपास गावे होती, असे मानतात. ती आके, ओके-ओना आणि ग्बागुरा अशा तीन गटांत विभागलेली होती व प्रत्येक गटाला स्वतःचा प्रमुख असला, तरी सर्वांवर हुकमत चालवील असा एकच राजा नव्हता.

ही गावे दीर्घकाळ ओयो साम्राज्याची मांडलिक होती. खंडणी वसूल करणाऱ्या ओयोच्या प्रतिनिधींचा जाच वाढल्यावर, अठराव्या शतकाच्या अखेरीस लिसाबी नावाच्या शेतकऱ्याने उठाव केला. ‘आरो’ म्हणजे सावड: आज माझ्या शेतात, उद्या तुझ्या, अशी आळीपाळीने केलेली मेहनत. लिसाबीने गावोगावच्या तरुणांना या सावडीतून एकत्र आणले आणि त्याच मंडळींतून गुप्तपणे लढवय्यांची संघटना उभी केली. ठरलेल्या वेळी ओयोचे प्रतिनिधी मारले गेले आणि एग्बा स्वतंत्र झाले. पुढे लिसाबीला दैवतासारखा मान मिळाला. त्याच्या नावाचा उत्सव आजही साजरा होतो.

हे स्वातंत्र्य फार काळ सुखाने भोगता आले नाही. १८२० च्या दशकात ओवू नगराविरुद्धच्या युद्धाचा वणवा एग्बा वनात पोहोचला आणि गावांमागून गावे उद्ध्वस्त झाली. निर्वासित एग्बा काही काळ इबादानच्या छावणीत राहिले. परंतु तेथे इतरांशी पटेना, तेव्हा सोडेके या सेनानीच्या नेतृत्वाखाली ते १८३० मध्ये ओगुन नदीकाठच्या ओलुमो या प्रचंड खडकाच्या आश्रयाला आले. खडकाच्या कपारींनी निवारा दिला व उंचीमुळे दूरवर नजर ठेवता आली. ‘खडकाखाली’ या अर्थाचे अबेओकुटा हे नाव त्यावरूनच पडले. काही वर्षांनी, ज्यांच्या युद्धामुळे हा सारा अनर्थ ओढवला होता, ते ओवू लोकही येथेच वसले आणि नगराचा चौथा घटक बनले.

अबेओकुट्याची राजकीय रचना याच विस्थापनातून घडली. एका गावची माणसे एकत्र राहिली. त्यांनी आपल्या वस्तीला जुन्या गावाचेच नाव दिले आणि जुनी पदेही जशीच्या तशी चालू ठेवली. अशा वस्त्यांत मुख्य अधिकार ओग्बोनी या ज्येष्ठांच्या मंडळाकडे असे. भूमीला साक्षी मानणारे हे मंडळ न्यायनिवाडा करी, प्रमुखाची निवड करी आणि त्याला मर्यादेतही ठेवी. एका साखळीने जोडलेल्या स्त्री-पुरुषाच्या पितळी मूर्ती, म्हणजे ‘एदान’, ही त्याची खूण होय. ओलोगुन हे युद्धप्रमुख आणि पाराकोयी हे व्यापारावर देखरेख करणारे पदाधिकारी असत. निर्वासितांच्या नगरात युद्धप्रमुखांचे वजन वाढणे स्वाभाविकच होते. सोडेके १८४५ मध्ये वारला, तोवर आणि त्यानंतरही काही वर्षे नगराला राजा नव्हता. ओकुकेनू हा अबेओकुट्याचा पहिला आलाके १८५४ मध्ये गादीवर आला. आलाके सर्व एग्बांचा प्रमुख मानला जात असला, तरी ओके-ओनाचा ओसिले, ग्बागुराचा आगुरा आणि ओवूचा ओलोवू यांची स्वतंत्र सिंहासने कायम राहिली.

पश्चिमेकडील दाहोमी या राज्याच्या सैन्याचे १८५१ आणि १८६४ चे हल्ले या नगराने परतवून लावले. सिएरा लिओनहून परतलेले मुक्त गुलाम व ख्रिस्ती मिशनरी यांच्यामुळे साक्षरता पसरली आणि १८५९ मध्ये ‘इवे इरोहिन’ हे योरुबा भाषेतील वृत्तपत्र येथे निघाले. १८९३ च्या तहात ब्रिटिशांनी एग्बांचे स्वातंत्र्य मान्य केले. १८९८ मध्ये ‘एग्बा युनायटेड गव्हर्नमेंट’ हे एग्बांचे स्वतःचे शासन स्थापन झाले, पण १९१४ मध्ये ते संपुष्टात आले. नव्या करांविरुद्ध १९१८ मध्ये उसळलेला उठाव आदुबी युद्ध म्हणून ओळखला जातो.

एग्बा स्त्रियांचे सार्वजनिक जीवनातील स्थान विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. व्यापारी मादाम तिनुबू हिला १८६४ मध्ये ‘इयालोदे’ हे स्त्रियांतील सर्वोच्च पद मिळाले. फुन्मिलायो रॅन्सम-कुटी यांच्या नेतृत्वाखाली बाजारातील स्त्रियांनी महिलांवरील कराविरुद्ध असे आंदोलन उभारले, की १९४९ मध्ये आलाके दुसरा आदेमोला याला गादी सोडावी लागली. पुढे तो परत आला.

‘आदिरे’ हे निळीत रंगवलेले कापड ही याच स्त्रियांची कला होय. कसावाच्या पिठाची खळ कोंबडीच्या पिसाने पांढऱ्या कापडावर रेखतात, किंवा कापड राफिया या ताडवृक्षाच्या धाग्याने घट्ट बांधतात. नंतर ते निळीच्या मडक्यात पुन्हापुन्हा बुडवतात. बाहेर काढताना ते हिरवट दिसते आणि वारा लागताच निळे होत जाते. शेवटी खळ खरवडली की खाली राखलेली नक्षी उजळ दिसू लागते. इतोकू वस्तीचा बाजार या कापडासाठी प्रसिद्ध आहे, आणि इतोकू हेही वनातल्या एका जुन्या एग्बा गावाचेच नाव आहे.