सर्दी गेली आणि हात लुळा पडला

चार दिवस सर्दी, थोडी कणकण, नाक वाहतंय. मग मूल बरं होतं, खेळायलाही लागतं. आठवडाभरानं एका सकाळी दुधाचा कप उचलायला उजवा हात वर येत नाही. चिमटा काढला की मूल ओरडतं, म्हणजे स्पर्श कळतोय. पण हात लुळा. डॉक्टर कोपराजवळ छोटी हातोडी मारतात, तरी हात उडत नाही.

२०१४च्या ऑगस्टपासून अमेरिकेत अशी मुलं दिसू लागली आणि डिसेंबरपर्यंत १२० झाली. २०१६मध्ये १५३, २०१८मध्ये २३८. मधली वर्षं त्यामानाने शांत. या आजाराला ‘अक्यूट फ्लॅसिड मायलायटिस’ म्हणतात, म्हणजे मज्जारज्जूला सूज येऊन अचानक आलेला लुळेपणा. मुख्य संशयित एंटेरोव्हायरस डी-६८ नावाचा विषाणू. तो १९६२ सालीच कॅलिफोर्नियात न्यूमोनिया झालेल्या मुलांमध्ये सापडला होता, पण पुढे कित्येक वर्षं क्वचितच कुणाच्या नजरेस पडला.

मज्जारज्जू आडवा कापून पाहिला तर मधोमध फुलपाखरासारखा करडा भाग दिसतो. त्याच्या पुढच्या पंखांतल्या पेशी स्नायूंना हुकूम सोडतात. स्पर्शाच्या वाटा वेगळ्या. सूज नेमकी त्या पुढच्या पंखांत येते, म्हणून चिमटा कळतो पण हात हलत नाही. पोलिओचा विषाणूही याच पेशींवर घाला घालतो. दोघे एकाच घराण्यातले.

मात्र डी-६८ला रंगेहाथ पकडणं अवघड. पाठीतलं पाणी काढून तपासलं तरी त्यात तो बहुधा सापडत नाही. २०१९मध्ये संशोधकांनी विषाणू शोधायचा नाद सोडून त्या पाण्यात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं शोधली, तेव्हा बहुतेक मुलांमध्ये एंटेरोव्हायरसविरुद्धची प्रतिपिंडं मिळाली. चोर पसार, पण पावलांचे ठसे तिथेच! तरीही कोडं संपलेलं नाही: २०२२मध्ये डी-६८ची साथ पुन्हा आली, लुळेपणाची लाट मात्र आली नाही.

आपल्याकडे पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला की सरकारी यंत्रणेला कळवावं लागतं. चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतरानं शौचाचे दोन नमुने घेतले जातात. पोलिओ हद्दपार झाला त्यात या जाळ्याचा वाटा मोठा, आणि आजही ते हवंच. पण ते विणलंय पोलिओसाठी. पोलिओचा विषाणू जठरातलं आम्ल पचवून आतड्यात मुक्काम ठोकतो. डी-६८ला आम्ल सोसत नाही. त्याला आवडतं ३३ अंशांचं गार नाक, आणि तिथेही तो थोडेच दिवस टिकतो.

म्हणजे शौचाचा नमुना ‘पोलिओ नाही’ असं सांगेल आणि ते खरंही असेल; पण मग दुसरं कोण, हे त्यातून बहुधा कळायचं नाही. त्यासाठी मूल दवाखान्यात आलं त्याच दिवशी, शौचाच्या नमुन्यासोबत, त्याच्या नाका-घशातून कापसाची काडी फिरवून घ्यायला हवी.