शिकागोचा सरोवरकाठ आणि जॅक्सन पार्कचा वाद : पार्श्वभूमी

बराक ओबामा यांच्या अध्यक्षीय कारकिर्दीचे स्मारक असलेले केंद्र शिकागो शहराच्या दक्षिण भागातील जॅक्सन पार्क या उद्यानात उभारण्याचा निर्णय जुलै २०१६ मध्ये जाहीर झाला आणि पुढची पाच वर्षे ते प्रकरण कोर्टकचेऱ्यांत, नगरसभेत आणि आसपासच्या वस्त्यांमधल्या सभांत गाजत राहिले. बाहेरून पाहणाऱ्याला हा वाद एका लोकप्रिय माजी अध्यक्षाच्या इमारतीला झालेला विरोध वाटतो. प्रत्यक्षात त्याची मुळे १८३६ पर्यंत मागे जातात. मिशिगन सरोवराच्या काठावरची जमीन कोणाची, तिच्यावर काय बांधता येते आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नांवर शिकागोकर गेली पावणेदोनशेहून अधिक वर्षे भांडत आले आहेत. या भांडणांतून काठाला कायद्याचे जे संरक्षण मिळाले ते सगळीकडे सारखे नाही. जॅक्सन पार्कच्या वाट्याला त्यातले सर्वांत दुबळे संरक्षण आले आणि निकाल बराचसा तिथेच ठरला.

शिकागो तेव्हा शहरही झालेले नव्हते. इलिनॉय-मिशिगन कालव्याच्या खर्चासाठी कालवा आयुक्तांनी १८३६ मध्ये भूखंड विकायला काढले. विक्रीच्या नकाशावर सरोवरालगतच्या पट्ट्यात त्यांनी एक टीप लिहिली : ही सार्वजनिक जागा असून ती कायम मोकळी राहील, तिच्यावर इमारत किंवा कसलाही अडथळा उभारला जाणार नाही. टीप लिहिणाऱ्यांच्या मनात उद्यान होते की भूखंडांना चांगला भाव यावा एवढाच हेतू होता, हे आज ठरवणे कठीण आहे. बहुधा दोन्ही असावे. पण समोर सरोवर मोकळे दिसेल या भरवशावर लोकांनी मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवरचे भूखंड घेतले आणि त्यामुळे नकाशावरच्या त्या ओळीला कराराचे बळ आले.

ती जमीन प्रत्यक्षात मोकळी मात्र राहिली नाही. लाटांच्या माऱ्याने काठ खचत होता आणि बंधारा बांधायला शहराकडे पैसे नव्हते. म्हणून १८५२ मध्ये इलिनॉय सेंट्रल रेल्वे कंपनीला काठापासून थोडे आत, पाण्यातच खांब रोवून रूळ टाकण्याची परवानगी मिळाली आणि त्या बदल्यात बंधाऱ्याची जबाबदारी कंपनीने घेतली. १८७१ च्या भीषण आगीनंतर जळालेल्या शहराचा राडारोडा रूळ आणि काठ यांच्यामधल्या पाण्यात टाकला गेला. आज पर्यटक ज्या ग्रँट पार्कमध्ये फिरतात, त्याच्या बऱ्याच भागाखाली असा भराव आहे.

रेल्वेची भूक तेवढ्याने भागली नव्हती. १८६९ मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळाने शहरासमोरचा सरोवराचा फार मोठा तळ, म्हणजे पाण्याखालची जमीन, या कंपनीला देऊन टाकली. लोकांत संताप उसळला आणि चार वर्षांनी, १८७३ मध्ये, विधिमंडळाने तो कायदा मागे घेतला. एकदा दिलेली जमीन राज्य परत घेऊ शकते का, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८९२ मध्ये निकाल कंपनीच्या विरोधात लागला. नौकानयनयोग्य पाण्याखालची जमीन राज्य जनतेचा विश्वस्त म्हणून सांभाळते, त्यामुळे ती खासगी कंपनीच्या हवाली करून राज्याला आपली जबाबदारी झटकता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. भारतीय वाचकाला हे तत्त्व परके नाही. हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या काठावरच्या एका मोटेलला दिलेला जमिनीचा भाडेपट्टा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या अखेरीस ‘एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ’ या खटल्यात रद्द केला, तेव्हा न्यायालयाने याच इलिनॉय सेंट्रल निकालाचा आधार घेऊन सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचे सांगितले. नदीकाठ आणि समुद्रकाठ यांच्या बांधकामांवर आपल्याकडे जे दावे दाखल होतात, त्यांच्या युक्तिवादात म्हणूनच शिकागोच्या रेल्वेचे नाव अजून येते.

या कहाणीतला सर्वांत हट्टी माणूस म्हणजे आरन माँटगोमेरी वॉर्ड. टपालाने माल विकण्याचा मोठा धंदा त्याने उभारला होता आणि त्याची कचेरी मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर, त्या मोकळ्या म्हणवल्या जाणाऱ्या जमिनीसमोरच होती. ‘मोकळ्या’ जमिनीवर प्रत्यक्षात कचऱ्याचे ढीग, छपऱ्या आणि तबेले होते. १८९० मध्ये त्याने शहरावर खटला भरला आणि पुढची वीस वर्षे तो न्यायालयात लढत राहिला. प्रकरण इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयात पुनःपुन्हा गेले आणि दर वेळी वॉर्डच जिंकला. सर्वांत कडवट लढाई फील्ड संग्रहालयावरून झाली. व्यापारी मार्शल फील्ड १९०६ मध्ये वारला तेव्हा त्याने संग्रहालयासाठी ८० लाख डॉलर ठेवले होते. शहरातील प्रतिष्ठितांना ते ग्रँट पार्कच्या मध्यभागी हवे होते आणि त्याला आडवा येणारा वॉर्ड त्यांच्या लेखी लोकशत्रू ठरला. शेवटी ते संग्रहालय उद्यानाच्या दक्षिणेला नव्या भरावावर बांधले गेले आणि १९२१ मध्ये तिथे उघडले. वॉर्ड १९१३ मध्येच वारला होता. ग्रँट पार्कमधील एक मोठा अपवाद म्हणजे आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत, जी समोरच्या मालकांच्या संमतीने उभी राहिली. सप्टेंबर १८९३ मध्ये स्वामी विवेकानंदांनी ज्या सर्वधर्म परिषदेत भाषण केले ती याच इमारतीत भरली होती, आणि तिच्यासमोरच्या रस्त्याच्या एका भागाला आज त्यांचे नाव आहे.

वॉर्डच्या विजयाचा कायदेशीर पाया नीट पाहायला हवा, कारण त्याचा गौरव करणारे सहसा तो पाहत नाहीत. वॉर्ड जिंकला तो सामान्य नागरिक म्हणून नव्हे, तर समोरच्या भूखंडाचा मालक म्हणून. नकाशावरचे वचन त्याच्या मालमत्तेला चिकटलेले होते. सार्वजनिक जमीन वाचली, पण वाचवली ती खासगी मालकी हक्काने, आणि हे कवच त्या नकाशापुरतेच, म्हणजे ग्रँट पार्कपुरतेच होते. तिथून दहा-बारा किलोमीटर दक्षिणेला असलेल्या जॅक्सन पार्कसाठी असे वचन कोणी लिहून ठेवले नव्हते.

जॅक्सन पार्कचा जन्म वेगळ्या रीतीने झाला. दक्षिण भागातील उद्यानांसाठी १८६९ मध्ये आयोग नेमला गेला आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे रचनाकार फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेड व कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांनी १८७१ मध्ये आराखडा दिला. त्यात दोन मोठी उद्याने, आजचे वॉशिंग्टन पार्क आणि जॅक्सन पार्क, ‘मिडवे प्लेझन्स’ या लांब हिरव्या पट्ट्याने जोडलेली होती. जॅक्सन पार्कचा भाग बराच काळ वाळू आणि दलदलच राहिला. त्याला रूप आले ते १८९३ च्या कोलंबियन विश्वप्रदर्शनामुळे. सहा महिन्यांत जवळपास पावणेतीन कोटी प्रवेश नोंदवणारे हे प्रदर्शन संपले, त्याच्या बहुतेक तात्पुरत्या इमारती गेल्या आणि ऑल्मस्टेडच्या कार्यालयाने १८९५ मध्ये उद्यानाचा नवा आराखडा केला. तळी, वृक्षराजीचे बेट आणि पलीकडे सरोवर ही त्याची कल्पना होती. प्रदर्शनातून उरलेले कलादालन, म्हणजे आजचे विज्ञान व उद्योग संग्रहालय, हीच उद्यानातली एकमेव ठळक इमारत असावी असे त्याने मांडले होते. १९७२ मध्ये जॅक्सन पार्क आणि मिडवे यांची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली.

यादीत नाव येण्यापूर्वीच उद्यानाचे बरेच लचके तोडले गेले होते. शीतयुद्धाच्या काळात सैन्याने तिथे विमानविरोधी क्षेपणास्त्रांचा तळ उभारला होता. १९६० च्या दशकात उद्यानातून जाणारा कॉर्नेल ड्राइव्ह मोटारींसाठी रुंद करण्यात आला आणि झाडे तुटू नयेत म्हणून रहिवासी रस्त्यावर उतरले होते. त्याच काळात शेजारच्या वस्त्यांचेही रूप पालटले. कृष्णवर्णीयांना घर न विकण्याचे लेखी करार वुडलॉनच्या परिसरात सर्रास होते आणि त्यांतल्या एकावरचा हॅन्सबेरी कुटुंबाचा खटला १९४० मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गाजला. बंधने सैल झाल्यावर गोरे रहिवासी निघून गेले, त्यांच्यामागे भांडवल गेले आणि महापालिकेचे लक्षही गेले. १९६० मध्ये ८० हजारांवर असलेली वुडलॉनची लोकसंख्या २०१० पर्यंत २६ हजारांच्या आसपास आली. ओबामा केंद्राकडे पाहणारी तिथल्या माणसाची नजर या घसरणीतून घडलेली आहे, आणि उद्यानप्रेमींच्या पत्रकांत तिचा उल्लेख फारसा येत नाही.

सरोवरकाठासाठी शहराने १९७३ मध्ये एक नियमावली केली. लेक शोअर ड्राइव्ह या काठच्या महामार्गाच्या पूर्वेला यापुढे खासगी बांधकाम होऊ नये, असे तिचे धोरण आहे. तिच्याआधी, १९७० मध्ये, इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टन पार्कमधील शाळेच्या बांधकामासंबंधीच्या ‘पेप्के’ खटल्यात दोन गोष्टी सांगितल्या होत्या : उद्यानांच्या विश्वस्ततेसाठी सामान्य नागरिक दावा लावू शकतो, मात्र विधिमंडळाने पुरेशी स्पष्ट परवानगी दिली असेल तर उद्यानाच्या जमिनीचा दुसरा सार्वजनिक वापर करता येतो. सरोवराचा तळ किंवा त्यावरचा भराव असेल तर न्यायालये कडक कसोटी लावतात. मुळातच कोरड्या असलेल्या उद्यानासाठी विधिमंडळाचा शब्द बहुधा पुरतो. पुढचे दोन्ही वाद या फरकावर तोलले गेले.

पहिला वाद चित्रपटनिर्माते जॉर्ज लुकास यांच्या संग्रहालयाचा. २०१४ मध्ये त्यासाठी सोल्जर फील्ड स्टेडियमच्या दक्षिणेचा वाहनतळ निवडला गेला. डांबरी वाहनतळाच्या जागी संग्रहालय आणि हिरवळ येणार असताना विरोध कशाला, हा महापौरांचा सवाल वरवर बिनतोड होता. पण तो वाहनतळ सरोवरातल्या भरावावर आहे. ‘फ्रेंड्स ऑफ द पार्क्स’ या संस्थेने दावा लावला, संघराज्य न्यायालयाने तो फेटाळण्यास दोनदा नकार दिला आणि जून २०१६ मध्ये लुकास यांनी शिकागोचा नाद सोडला. संग्रहालय लॉस एंजेलिसला गेले. शहरातील बऱ्याच लोकांना, विशेषतः दक्षिण भागातील कृष्णवर्णीय नेत्यांना, हा विजय करंटेपणाचा वाटला.

लुकास गेले आणि महिन्याभरात ओबामा केंद्रासाठी जॅक्सन पार्कचे नाव जाहीर झाले. ओबामांचे घर हाइड पार्कलगतच्या केनवुडमध्ये, मिशेल यांचे बालपण साउथ शोअरमध्ये. जागेची निवड भावनिक दृष्ट्या समजण्यासारखी होती. पण वॉशिंग्टन पार्कच्या पश्चिमेला ओस पडलेले भूखंड आणि रेल्वे स्थानक असताना सुस्थितीतल्या ऐतिहासिक उद्यानातले १९.३ एकर कशाला घ्यायचे, हा विरोधकांचा प्रश्न होता आणि त्याचे समाधानकारक उत्तर कधी मिळाले असे मला वाटत नाही. केंद्राचा मनोरा सुमारे २२५ फूट उंच. ऑल्मस्टेडच्या ‘एकमेव ठळक इमारती’च्या कल्पनेला तो सरळ छेद देतो. शिवाय हे केंद्र नेहमीच्या अर्थाने अध्यक्षीय ग्रंथालय नाही. ते राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यात नसून ओबामा फाउंडेशन ही खासगी संस्था ते चालवते. २०१८ मध्ये नगरसभेने जागेच्या ९९ वर्षांच्या वापराला मंजुरी दिली, तीही दहा डॉलर मोबदल्यावर.

त्याच वर्षी ‘प्रोटेक्ट अवर पार्क्स’ या गटाने दावा दाखल केला. जून २०१९ मध्ये न्यायाधीश जॉन ब्लेकी यांनी तो फेटाळला. विधिमंडळाने उद्यानांत अध्यक्षीय केंद्राला वाट करून देणारा कायदा आधीच केलेला होता आणि ही जागा लुकास यांच्या वाहनतळासारखी सरोवर बुजवून केलेली नव्हती. ऑगस्ट २०२० मध्ये अपील न्यायालयाने विश्वस्ततेच्या मुद्द्यावर निकालच दिला नाही. संघराज्य न्यायालयात तो मांडण्याइतके वैयक्तिक नुकसान वादींना सोसावे लागलेले नाही, असे न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी लिहिले. वॉर्डकडे समोरचा भूखंड होता, यांच्याकडे नव्हता. संघराज्याच्या पुनर्विलोकनात ऐतिहासिक उद्यानाला या प्रकल्पाने हानी पोहोचेल असे नोंदवले गेले, पण त्या पुनर्विलोकनामागचा कायदा हानी मोजायला लावतो, थांबवायला नाही. नुकसान कमी करण्याच्या अटींवर सह्या झाल्या आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये काम सुरू झाले. शेकडो झाडे गेली. १९६० च्या दशकात ज्या कॉर्नेल ड्राइव्हसाठी झाडे तोडली होती, तो रस्ता आता केंद्रासाठी बंद करून हिरवळीत मिसळण्यात आला, आणि सरकारी खर्चाने आजूबाजूचे इतर रस्ते वाढवले गेले.

या सगळ्याला समांतर दुसरा वाद चालू होता आणि परिसरातल्या भाडेकरूंना तोच अधिक जवळचा होता. केंद्र आले की घरभाडी वाढतील, मग ज्यांच्यासाठी म्हणून ते येते आहे तेच हुसकले जातील, ही त्यांची भीती होती. स्थानिक संघटनांच्या आघाडीने रोजगार आणि घरांची हमी देणारा लेखी करार मागितला. स्वतः शहराच्या याच दक्षिण भागात वस्तीसंघटक म्हणून काम केलेल्या ओबामांनी २०१७ मध्ये त्याला नकार दिला. एका गटाशी करार केला तर बाकीचे वगळले जातील, असे त्यांचे म्हणणे होते. आघाडीने मग मोर्चा नगरसभेकडे वळवला आणि सप्टेंबर २०२० मध्ये वुडलॉनमधील परवडणाऱ्या घरांसाठी वेगळा अध्यादेश मंजूर करून घेतला. उद्यानवाद्यांना न्यायालयातून जे मिळाले नाही, तेवढे तरी या लोकांनी मतांच्या जोरावर मिळवले. दोन्ही गटांची हातमिळवणी मात्र फारशी झाली नाही. उद्यान वाचवणाऱ्यांना केंद्र तिथे नकोच होते, भाडेकरूंना ते हवे होते, पण अटींवर.

सरोवरकाठावरचा पुढचा वाद लुकास यांच्या जुन्या जागेवरच आला. एप्रिल २०२४ मध्ये शिकागो बेअर्स या फुटबॉल संघाने सोल्जर फील्डच्या दक्षिणेला, त्याच वाहनतळावर, छताचे नवे स्टेडियम बांधण्याची योजना मांडली. ‘फ्रेंड्स ऑफ द पार्क्स’ने पुन्हा हरकत घेतली, राज्य सरकारने पैशांबाबत उत्साह दाखवला नाही आणि २०२५ मध्ये संघ पुन्हा आर्लिंग्टन हाइट्स या उपनगरातल्या स्वतःच्या जागेकडे वळला. स्टेडियमची मालकी सार्वजनिक राहील असे संघाने सांगितले होते. पण भरावावरच्या जमिनीसाठी असलेल्या कडक कसोटीला तेवढे पुरले असते का, हे कोणत्याही न्यायालयाला ठरवावे लागले नाही.