मुलांमधील दादागिरी आणि पालक

एखाद्या मुलाने किंवा मुलांच्या टोळक्याने, प्रतिकार करणे ज्याला अवघड जाते अशा मुलाला जाणूनबुजून आणि वारंवार दिलेल्या त्रासाला दादागिरी म्हणतात. मारहाण, वस्तू हिसकावणे, दिसण्याबोलण्यावरून चिडवणे, अफवा उठवणे आणि खेळात न घेणे हे सर्व प्रकार तिच्यात मोडतात. हेतू, पुनरावृत्ती आणि बळातील तफावत हे तिचे तीन निकष डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाच्या, १९७० च्या दशकात सुरू झालेल्या संशोधनातून रूढ झाले. नॉर्वेतील १९८३ च्या देशव्यापी शालेय मोहिमेला त्याच संशोधनाचा आधार होता. युनेस्कोच्या २०१९ मधील अहवालानुसार जगातील सुमारे ३२ टक्के विद्यार्थ्यांनी, आदल्या महिन्याभरात सोबत्यांकडून एकदा तरी असा त्रास झाल्याचे सांगितले होते.

पालकांच्या दृष्टीने तिसरा निकष सर्वांत महत्त्वाचा आहे. तुल्यबळ मुलांचे भांडण समोरासमोर बसवून मिटवता येते. दादागिरीत मात्र दोघांना ‘हात मिळवा’ असे सांगितले की छळ झालेल्या मुलावर दडपण येते आणि छळणारा निर्धास्त होतो. ‘तूही दोन ठेवून दे’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला याच कारणाने फसतो, कारण तेवढे बळ असते तर प्रश्न उद्भवलाच नसता.

मूल बहुधा आपणहून सांगत नाही. शाळेच्या दिवशी सकाळीच पोट दुखू लागणे, डबा न खाता परत येणे, फोन वाजताच तो पालथा ठेवणे अशा खुणांवरून अंदाज बांधावा लागतो. अशा वेळी उलटतपासणी न करता शांतपणे ऐकून घेणे आणि ‘यात तुझी चूक नाही’ असे स्पष्ट सांगणे, ही पहिली मदत होय. त्यानंतर काय घडले, कधी, कुठे आणि कोणासमोर, याची लेखी नोंद ठेवून वर्गशिक्षकांना भेटावे. त्रास देणाऱ्या मुलाच्या घरी थेट जाऊन जाब विचारल्याने प्रकरण बहुधा चिघळते.

ऑनलाइन छळ शाळा सुटल्यावरही थांबत नाही. शिवाय एकदाच टाकलेला फोटो शेकडो जण पुढे पाठवत राहतात, त्यामुळे पुनरावृत्तीचा निकषही येथे वेगळ्या रीतीने लागू होतो. फोन काढून घेतला जाईल या भीतीने अनेक मुले गप्प राहतात. म्हणून तो काढून घेणार नाही, हे आधीच सांगून ठेवणे शहाणपणाचे. त्रासदायक संदेशांना मुलाच्या खात्यावरून उत्तर देऊ नये. तारीख आणि खात्याचे नाव दिसेल असे स्क्रीनशॉट आधी काढावेत, मगच त्या खात्याची तक्रार करून ते ब्लॉक करावे. धमकी किंवा लैंगिक स्वरूपाचे चित्र असल्यास पोलिसांकडे जावे, मात्र अशा चित्राची प्रत काढू नये किंवा ते पुढे पाठवू नये.

आपलेच मूल त्रास देणारे निघाले तर ते नाकारण्याकडे पालकांचा कल असतो. मुलाला मारून शिक्षा केल्यास बळाचा तोच धडा घरात गिरवला जातो. त्याऐवजी त्याने काय केले हे त्याच्याच तोंडून वदवून घेणे आणि झालेले नुकसान त्याला भरून द्यायला लावणे अधिक उपयोगी ठरते. छळणारा आणि छळ सोसणारा या दोघांहून बघ्यांची संख्या मोठी असते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कॅनडातील शाळांच्या मैदानांवरील निरीक्षणात सोबत्यांनी मध्ये पडल्यावर निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबल्याचे आढळले.