फोटोशॉपच्या आधीचे फोटो ‘खरे’ होते का?

घरातला आजोबांचा कृष्णधवल फोटो दाखवत कुणीतरी म्हणतंच, ‘तेव्हा फोटोशॉप नव्हतं, माणूस दिसायचा तसाच फोटोत यायचा.’ हा समज चुकीचा आहे आणि त्यामुळे जुन्या कारागिरांवर अन्याय होतो.

फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसणं त्याच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधीपासून चालू होतं. तेव्हा फोटो रसायनाचा थर दिलेल्या काचेवर टिपत, आणि सुरुवातीच्या अशा काचा लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या असत. त्यामुळे तांबूस पुटकुळी किंवा वांग प्रत्यक्षापेक्षा काळे उमटत आणि ते दुरुस्त करणं भागच पडे. काचेवरच्या निगेटिव्हमध्ये काळं-पांढरं उलटं उमटतं, म्हणून सुरकुती तिथे पारदर्शक रेघेसारखी दिसते. रिटचर, म्हणजे फोटो दुरुस्त करणारा कारागीर, काचेवर पातळ वॉर्निश लावून टोकदार पेन्सिलीने ती रेघ अलगद भरत असे. तिथून प्रकाश कमी जाई आणि छापलेल्या फोटोत सुरकुती फिकी पडे. उलट एखादी जागा गडद हवी असेल, तर तिथला थर पात्याने खरवडायचा. हात जरा जड पडला की काच वाया. हे काम आपल्याकडच्या स्टुडिओंतही चाले. आजोबांचे गाल इतके तुळतुळीत दिसतात, त्याचं श्रेय कदाचित अशाच एखाद्या हाताला असेल.

आणि फोटो जोडणं? ऑस्कर रेइलांडर या छायाचित्रकाराने १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह एकाच चित्रात छापल्या. एक भाग छापताना बाकीचा कागद झाकून ठेवायचा, मग पुढचा भाग. मँचेस्टरच्या प्रदर्शनात ते चित्र लागलं आणि राणी व्हिक्टोरियाने त्याची प्रत विकत घेतली.